गार सॉना, हिरवा दिवा

१

उर्हो कांगस शनिवारी संध्याकाळी मेला, आणि सोमवारी दुपारी त्याच्या स्वयंपाकघरातला कम्प्युटर अजून सांगत होता की म्हातारा मजेत आहे.

स्क्रीनवर हिरवा दिवा होता. त्याखाली सॉनातलं तपमान, एकशे बहात्तर फॅरनहाइट. आणि खिडकीतून पाहिलं तर अंगणापलीकडे तीच सॉना, फिनिश लोकांची घाम काढायची लाकडी खोली, उभी होती, धुराड्यावर बर्फाची टोपी घालून. भट्टी विझून दोन दिवस झाले होते. आत एक बादली होती, तिच्यात पाण्याची वीट झाली होती.

इर्मा लाहतीनं स्क्रीनकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि कोटाची बटणं काढता काढता थांबली.

इर्मा जिल्ह्याची कॉरोनर. कोण कशानं मेलं हे दाखल्यावर लिहायचं काम तिचं. उत्तर विस्कॉन्सिनात हे पद निवडणुकीनं मिळतं आणि ते कुणालाच नको असतं, म्हणून दर खेपेला इर्माच निवडून यायची. एकदा एकजण तिच्याविरुद्ध उभा राहिला होता. तो प्रचारातच गारठून वारला, आणि त्याचा दाखलाही तिनंच लिहिला. एरवी तिचं दुकान अंत्यविधीचं. गावातली पोरं ॲरिझोनाच्या उन्हात पळाली होती, त्यांना आईबापाचं शेवटचं दर्शन घरबसल्या दाखवण्यासाठी तिनं कॅमेरे बसवले होते. एका दिवशी दोन राउटर एकमेकांच्या उरावर बसले, आणि एका लूथरन म्हातारीचा अख्खा गोतावळा तासभर भलत्याच कॅथलिक म्हाताऱ्यासाठी रडला. तक्रार कुणी केली नाही, उलट दोघांनी शवपेटी फार छान होती असं कळवलं. पण इर्मानं तेव्हापासून कम्प्युटर एकमेकांना कसे शोधतात ते नीट शिकून घेतलं होतं.

"मावशी, बस तरी," शेरीफ डेल म्हणाला. तो तिच्या बहिणीचा मुलगा. लहानपणी तिच्याच दुकानात पेट्यांमागे लपाछपी खेळलेला. "अवघड काही नाही यात. म्हाताऱ्याचं हृदय कमजोर. सॉना सोडवत नव्हती. म्हणून धाकट्या पोरानं, वेस्लीनं, तिथं एक छोटं यंत्र बसवलं. हा कम्प्युटर त्याला दर मिनिटाला विचारतो, ठीक आहे का? उत्तर आलं नाही तर भोंगा वाजतो. शिवाय तिकडे भिंतीला लाल बटण. म्हाताऱ्यानं ते दाबलं तरी भोंगा वाजतो."

"आणि त्यानं दाबलं."

"दाबलं. त्या यंत्राच्या स्मरणात आहे ते. भोंगा मात्र वाजला नाही. या खुर्चीत त्या वेळी कोण बसलं होतं, तर मोठी सून, मार्सेला. आठवडाभर आधी तिचं म्हाताऱ्याशी भांडण झालेलं, वृद्धाश्रमावरून. तिनं भोंगा बंद केला आणि वाट पाहिली. तू दाखल्यावर 'खून' लिही, संध्याकाळी मी तिला घेऊन जातो. चर्चच्या कॉफीला तर काल निकालही लागलाय."

"हो, तिथं निकाल लवकर लागतात. केकबरोबर." इर्मानं स्क्रीनकडे बोट दाखवलं. "डेल, सॉनातलं यंत्र आता कुठं आहे?"

"माझ्या ऑफिसात. ड्रॉवरला कुलूप आहे, किल्ली खिशात."

"तुझ्या ड्रॉवरात किती गरम होतं रे?"

डेलनं स्क्रीनकडे वळून पाहिलं. दिवा हिरवाच होता.

"यंत्र तुझ्या कुलपात," इर्मा म्हणाली. "मग इथं 'ठीक आहे' म्हणून कोण उत्तर देतंय?"

२

मार्सेला टेक्सासची, मेक्सिकोच्या सीमेवर वाढलेली. ट्रक घेऊन तिकडे गेलेल्या आर्नी कांगसनं तिला लग्न करून या बर्फात आणलं, त्याला बरीच वर्षं झाली. गाव तिला अजून 'आर्नीनं आणलेली' म्हणायचं.

ती ओट्याशी उभी राहून भांडी घासत होती. सगळी स्वच्छ होती, तरी घासत होती.

"मी भोंग्याला हात लावला नाही," ती न वळता म्हणाली. "हे वाक्य मी शेरीफला इंग्रजीत सांगितलं, पाद्र्याला सांगितलं, शेजारणीला सांगितलं. आता भिंतीला सांगायचं राहिलंय."

"भिंतीआधी मला सांग. शनिवारी काय पाहिलंस?"

"हिरवा दिवा. सारखी बघत होते मी. पाव भाजायला टाकला होता, तरी मान इकडेच. पाप्पांशी भांडले म्हणून काय त्यांना मरू देईन? भांडले ते त्यांनी पडू नये म्हणून."

"तपमान किती होतं?"

"एकशे बहात्तर."

"पूर्ण वेळ?"

"नेहमी तेवढंच असतं. शिस्तीचे होते ते."

इर्माचं बालपण अशाच एका सॉनात गेलं होतं. लाकडाच्या भट्टीचं तपमान कुणाच्या शिस्तीत राहत नाही. एक ओंडका टाकला की चढतं, दार उघडलं की पडतं.

"तू कधी गेलीस आत? सॉनाला?"

"मी?" मार्सेला पहिल्यांदा वळली. "इर्माताई, मी लारेडोत वाढले. ऑगस्टमध्ये आम्ही घाम येऊ नये म्हणून देवाला नवस बोलायचो. लग्नानंतर एकदा बसवलं मला त्यांनी. चर्चमध्ये नरकाचं वर्णन ऐकलं होतं, ते बरंचसं बरोबर निघालं. पुन्हा नाही गेले."

"बरं. हा स्क्रीन कधी वेड्यासारखा वागला होता?"

तिनं आठवून पाहिलं. "एकदा. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात. आकडे उड्या मारत होते. एकशे बहात्तर, मग एकशे चाळीस, परत बहात्तर, मग एकशे पन्नास. दोन माणसं एकदम बोलतात ना, तसं. आर्नीला दाखवलं तर म्हणाला, हवेमुळे होतं. पुढच्या शनिवारी ठीक झालं. तेव्हापासून कधी हललं नाही."

तिनं टॉवेल घडी करून ठेवला, परत उलगडला.

"मला नेणार आहेत ना आज?"

"मी लिहीन त्यावर आहे ते."

"मग नीट वाचून लिहा," मार्सेला म्हणाली.

३

वेस्ली बैठकीत फोनवर जमिनीचे भाव बघत बसला होता. तळ्याकाठची ही जागा विकावी असं तो मिनियापोलिसहून दर महिन्याला कळवत असे. यंदा नाताळला आला तो तिथली नोकरी गेल्यामुळे इथंच राहिला.

"माझ्या यंत्रात चूक असणं शक्यच नाही," तो म्हणाला. "बनवताना खिळ्यासारखं पक्कं केलंय. सॉनाच्या यंत्राला नंबर कायमचा कोरून दिलाय. पासवर्ड फक्त माझ्याकडे."

"म्हणजे त्याला खोटं बोलायला शिकवायचं तर तूच शिकवू शकतोस."

"एका ओळीचं काम आहे. पण मी कशाला शिकवू?"

"जमीन," इर्मा म्हणाली.

तो जरा वरमला. "तुम्ही बाई, लोकांना पुरून पुरून फार सरळ बोलायला लागलात."

"मेलेले वाईट वाटून घेत नाहीत. मला सांग, हे सगळं करून पाहताना दर वेळी भट्टी पेटवत होतास?"

"छे. एक जुना लॅपटॉप होता, त्याला सॉनाचं सोंग दिलं होतं. तोच नंबर, तपमान कायम एक, सगळं ठीक. असेल इथंच कुठं अडगळीत."

"थँक्सगिव्हिंगला कुठं होतास?"

"मिनियापोलिसला. कामावर. पाप्पांनी फोनवर मला आणि माझ्या साहेबाला, दोघांना शिव्या दिल्या."

थोरला आर्नी अंगणात होता, लाकडं उचलायच्या लोडरपाशी. इंजिन धडधडत होतं. उणे वीसच्या गारठ्यात ते सुरू झालं हेच नवल. त्या हिवाळ्यात म्हणे लोकांचे शब्द तोंडाबाहेर पडताच गोठायचे, आणि मार्चमध्ये वितळले की अंगणाअंगणांत जुनी भांडणं पुन्हा ऐकू यायची.

"चालू कसं केलंस रे?" इर्मानं विचारलं.

"सेन्सर कुरकुर करतो. तेल गार आहे म्हणतो आणि इंजिन बंद पाडतो. मग त्याची वायर काढून तिथं खोटा प्लग बसवायचा. यंत्राला वाटतं सगळं ठीक आहे. जंगलात सगळेच करतात." आर्नीचे डोळे लाल होते, पण इथल्या वाऱ्यात सगळ्यांचेच असतात. "पाप्पांना कधी देणार आमच्याकडे?"

"माझं लिहून झालं की. शनिवारी कुठं होतास?"

"चर्चच्या आवारातला बर्फ काढत होतो. जायच्या आधी सॉनाजवळ लाकडं ठेवली. आत रेडिओवर पोल्का नाचाची धून लागली होती. तो इंटरनेटवरचा, फिनलंडहून येतो. पाप्पा बाकावर ताल धरत होते. तेवढं ऐकलं मी. मार्सेलाचं काय होणार?"

"तुला काय वाटतं?"

त्यानं लोडरच्या चाकावरचा बर्फ बुटानं खरवडायला घेतला. "ती तसं करणार नाही," एवढंच म्हणाला, आणि ते इतक्या हळू, की मार्चपर्यंत थांबावं लागेल असं इर्माला वाटलं.

४

खोटं बोलणाऱ्या माणसाला उलट प्रश्न विचारतात. खोटं बोलणाऱ्या यंत्राला विचारून उपयोग नसतो, त्याची वाट तोडत जावी लागते.

इर्मानं डेलला स्क्रीनसमोर बसवलं आणि स्वतः घराची एकेक वाट बंद करत निघाली. आधी अंगणातून सॉनाकडे जाणारी केबल उपटली.

"हिरवाच," डेल ओरडला.

म्हणजे बोलणारा सॉनात नव्हता. तिनं वायफाय बंद केलं.

"हिरवाच."

म्हणजे तो हवेतूनही बोलत नव्हता. तो याच घरात होता, तारेला बांधलेला. इर्मा तळघरात उतरली. तिथं भिंतीवर एक चपटा डबा होता, आणि घरातल्या सगळ्या तारा त्यात येऊन मिळत होत्या. एक काढली, बैठकीतला टीव्ही गेला. दुसरी काढली, काही झालं नाही. तिसरी धुळीनं माखलेल्या जुन्या तारांत एकटीच स्वच्छ होती. ती तिनं ओढली, आणि मिनिटभरानं वर भोंगा किंचाळला.

शनिवारी वाजायला हवा होता तो भोंगा. मार्सेला ओल्या हातांनी धावत जिन्याशी आली, तिच्या ओठांना रंग नव्हता. वेस्ली फोन टाकून आला. अंगणात इंजिन बंद झालं, पण दार उघडलं नाही. आर्नी आला नाही.

स्वच्छ तार छताच्या कडेनं कोपऱ्यात गेली होती, हरणाचं मांस ठेवतात त्या मोठ्या फ्रीझरमागे. डेलनं तो सरकवला. मागे एक जुना लॅपटॉप चालू होता. त्याच्या झाकणावर वेस्लीच्या कॉलेजचा स्टिकर होता.

"तो मी नाही ठेवला," वेस्ली म्हणाला.

डेलनं कमरेच्या बेड्यांना हात घातला. "जमीन, पासवर्ड आणि आता हा. मावशी, सून नाही तर धाकटा. तू फक्त लिही."

"हात काढ तिथून," इर्मा म्हणाली. "आधी सॉनात चल. सगळे चला. आर्नीलाही बोलव."

५

सॉनाच्या बाहेरच्या खोलीत, जिथं कपडे काढून ठेवतात, तिथं पाच माणसं दाटीनं उभी राहिली. इर्मा गुडघ्यावर बसली आणि बाकाखालून तिनं एक छोटा डबा ओढून काढला. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तसला साधा राउटर. घरातून येणारी केबल आधी त्यात, आणि त्यातून एक तार रेडिओला, एक डेलनं नेलेल्या यंत्राच्या रिकाम्या जागी.

"हा माझा नाही," वेस्ली म्हणाला. "मी सरळ तार दिली होती."

"ठाऊक आहे. तुला यंत्राला खोटं बोलायला लावायचं असतं तर पासवर्ड टाकून एका ओळीत काम झालं असतं. तू हे डबे आणि तारा कशाला खेळत बसशील? हे ज्यानं केलं त्याच्याकडे पासवर्ड नव्हता. हात होते."

मार्सेला दाराला टेकून उभी होती. इर्मा तिच्याकडे बघून बोलू लागली.

"रस्त्यावरच्या हिरव्या पाट्या बघ. आधी रस्ता, मग घराचा नंबर. कम्प्युटरचंही तसंच. कुणाला हाक मारायची तर तो आधी बघतो, हा माझ्याच रस्त्यावर राहतो का? राहत असेल तर दारात उभं राहून ओरडायचं. दुसऱ्या रस्त्यावर असेल तर निरोप कोपऱ्यावरच्या पोस्टात, म्हणजे राउटरकडे द्यायचा. थँक्सगिव्हिंगला कुणीतरी तो लॅपटॉप तळघरात जोडला. त्याचा नंबर आणि सॉनाचा नंबर एकच. एका रस्त्यावर एकाच नंबराची दोन घरं, म्हणून तुझे आकडे उड्या मारायला लागले. मग त्यानं हा डबा आणून मधे बसवला. सॉनाचा रस्ताच वेगळा झाला. घरात त्या नंबरचा एकटा लॅपटॉप उरला, आणि तो तुला सांगत राहिला, एकशे बहात्तर, सगळं ठीक."

"थँक्सगिव्हिंगला मी नव्हतो," वेस्ली म्हणाला.

"नव्हतास. आणि ते न हलणारं एकशे बहात्तर कुठल्याही फिनिश माणसानं बघितलं असतं तर त्याच दिवशी हसला असता. या घरात स्क्रीनसमोर नेहमी मार्सेलाच बसणार, आणि तिला सॉनातलं ओ की ठो कळत नाही, हे माहीत असलेल्या माणसाचं हे काम आहे. कुरकुरणाऱ्या सेन्सरच्या जागी खोटा प्लग बसवायची ज्याच्या हाताला सवय आहे त्याचं."

सगळ्यांनी आर्नीकडे पाहिलं. तो रिकाम्या भट्टीकडे बघत होता.

"पाप्पांनीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्हणाले, आयुष्यभर मला कुणी विचारलं नाही कसा आहेस. आता दर मिनिटाला विचारतात. अंगावर कपडे नसतात तिथंही. तुझी आई गेल्यापासून ही एकच खोली माझी राहिली होती, तीही घेतलीत. मार्सेलाला म्हटलं असतं तर तिनं ऐकलं नसतं."

"नसतंच ऐकलं," मार्सेला म्हणाली.

"मी फक्त विचारणं बंद केलं होतं. बटण चालू होतं. डबा बसवला तरी रेडिओ वाजत होता, म्हणजे वाट मोकळी होती. रेडिओ वाजतो तर बटणही जाणार."

इर्मानं डोळे मिटले. पुढचं तिला सांगायचं नव्हतं, आणि तिथं दुसरं कुणी सांगणारं नव्हतं.

"रेडिओला नव्या रस्त्यानं दिला तो नंबर त्यानं घेतला, आर्नी. म्हणून त्याचे निरोप जात-येत राहिले. यंत्राचा नंबर वेस्लीनं कोरलेला. त्याला वाटत राहिलं आपण अजून घराच्याच रस्त्यावर आहोत. उर्होनं बटण दाबलं तेव्हा त्यानं पोस्टात काही दिलंच नाही. ते दारात उभं राहून स्वयंपाकघराला हाका मारत राहिलं. त्या रस्त्यावर स्वयंपाकघर नव्हतं."

रेडिओचा छोटा दिवा अजून लुकलुकत होता.

"डबा बसवल्यावर बटण दाबून पाहिलं नाहीस?" डेलनं विचारलं.

"कसं पाहणार?" आर्नी म्हणाला. "वाजलं असतं तर तिला कळलं असतं."

६

दाखल्यावर इर्मानं 'अपघात' लिहिलं. डेलनं वाचलं, बेड्यांवरून जॅकेट खाली ओढलं, आणि मार्सेलाकडे न बघता म्हणाला, "बाई, तुमच्याबद्दल... ते झालं ते."

"फार छान माफी मागता तुम्ही," मार्सेला म्हणाली. "चर्चच्या कॉफीलाही अशीच मागा."

आर्नी टेबलाशी बसला होता. "मी सांगणारच होतो," तो तिला म्हणाला.

"कधी?"

"आधी कळलंच नाही मला काय झालं. मग कळलं, आणि..."

"कधी, आर्नी? मी गाडीत बसल्यावर? का शिक्षा लागल्यावर? दोन दिवस तू माझ्या शेजारी झोपलास. मी रडत होते, तू पाठ थोपटलीस."

त्यानं मान वर करून इर्माला विचारलं, "पाप्पांनी किती वेळा दाबलं?"

इर्मानं उर्होला परवाच धुऊन, पुसून ठेवलं होतं. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख उपटून आलं होतं.

"एकदा," ती म्हणाली. "लगेच गेला. कळलंही नसेल त्याला."

आर्नीनं मान हलवली. दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. मार्सेला इर्माकडे बघत राहिली. मग तिनं खुंटीवरचा कोट घेतला, एक पिशवी घेतली, आणि बाहेर पडली.

बहिणीकडे जायची बस पकडायला तिला शहरापर्यंत सोडायचं ठरलं. इर्माकडे मयत न्यायची व्हॅन तेवढी होती. मार्सेला पुढच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर. तळ्याला वळसा घालून व्हॅन मोठ्या रस्त्याला लागली.

"त्यांना उचललं कुणी होतं, ठाऊक आहे ना?" मार्सेला म्हणाली. "मी. तो हात माझ्या हातात होता."

"मला वाटलं, त्याला तेवढं तरी नको कळायला."

"तुम्ही भल्या बाई आहात, इर्माताई." ती समोरच्या पांढऱ्या रस्त्याकडे बघत होती. आवाज अगदी साधा होता, पावाची कृती सांगावी तसा. "मी सांगणार आहे त्याला. आज नाही. कधीतरी तो बरा होईल, हसेल, त्याला वाटेल की सुटलो यातून. त्या दिवशी फोन करीन."

इर्मानं हीटर एक घर वाढवला.